मावशीची जनेलं आणि चिखलीच्या मेंड्यो

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी मावशीचा फोन आला, आवाज एकदम रडवेला, "बाय, आमचीं जनेलां गेलीं गो." मला आधी वाटलं घरात चोरी झाली की काय. मावशी मडगावपासून पंधरा-वीस मिनिटांवरच्या एका गावात राहते, घर जुनं, काका गेल्यापासून ती आणि वरच्या कामाची एक बाई एवढ्याच दोघी. मग हळूहळू उलगडा झाला. दिवाळीच्या साफसफाईला एक माणूस बोलावलेला, त्याने बाथरूमच्या टाइल्स घासायचं ॲसिड बादलीत ओतलं, त्यात पाणी घातलं आणि ब्रशने खोलीच्या दोन जनेलांवर फिरवलं. त्याला वाटलं काच काळी पडलीये, चकचकीत करून देऊ. पण ती काच नव्हतीच. फस्स करून फेस आला, आणि धुऊन बघतात तर सगळं पांढरंफटक, खडूसारखं खरबरीत, पूर्वीची ती मोतिया चकाकी कुठच्या कुठे गेली.

ज्यांनी पाहिलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते. गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात, पोर्तुगीज शब्द आहे, आणि जुन्या घरांच्या जनेलांना काचेऐवजी शिंपले बसवलेले असतात. अख्खा शिंपला नाही, तर चपटा पातळ शिंपला चौकोनी कापून, साधारण दोन-अडीच इंचाचा तुकडा. मावशीकडे त्याला करपं म्हणतात. लाकडाच्या अरुंद उभ्या पट्ट्या असतात, त्यांना दोन्ही बाजूंनी खाच पाडलेली, आणि त्या खाचेतून एकावर एक करपं सरकवत जायचं, वरच्याची कड खालच्यावर थोडी चढलेली, कौलं शाकारतात ना तसं. खिळा नाही, गोंद नाही, काही नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, करपं आपली त्या खाचेत थोडी थोडी हलतात आणि टिकून राहतात. मावशीच्या एका जनेलात अशी ९६ करपं आहेत, लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी झोप येत नसली की मी आणि मावसभाऊ ती मोजत पडायचो, म्हणून आकडा पाठ आहे.

आणि तो उजेड. तो मला आजपर्यंत दुसरीकडे कुठे भेटलेला नाही. बाहेर मे महिन्याचं डोळे दिपवणारं ऊन असतं आणि आत येतो तो दुधात साखर विरघळल्यासारखा शांत प्रकाश, बाहेरचं काही स्पष्ट दिसत नाही, नुसत्या सावल्या. बल्कांवातून, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीतून, कोण गेलं ते आम्ही सावलीच्या चालीवरून ओळखायचो. पुण्यात माझ्या फ्लॅटला स्लायडिंगच्या काचा आहेत, त्यावर पडदे, पडद्यावर परत दुसरे पडदे, आणि तरी दुपारी तीन वाजता खोलीत बसवत नाही.

हे काही माझंच कौतुक नाही हां. फ्रांस्वा पिरार नावाचा फ्रेंच खलाशी १६०८ ते १६१० गोव्यात होता, त्याने लिहून ठेवलंय की इथे काचेच्या जागी घासून पातळ केलेले शिंपले लाकडी चौकटीत बसवतात. आणि फक्त गोवाच नाही, आपली मुंबईपण. जॉन हेन्री ग्रोस नावाचा इंग्रज १७५० साली मुंबईत आला, त्याने तिथल्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्यांबद्दल लिहिलंय, उजेड पुरेसा आत येतो पण उन्हाची तिरीप बाहेरच राहते आणि बघायलाही गार वाटतं, अशा अर्थाचं. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे वाटलं तेच मला त्या खोलीत पडल्या पडल्या वाटायचं, हे वाचून मला फार बरं वाटलेलं. पुढे काच स्वस्त झाली आणि मुंबईतून त्या खिडक्या गेल्या, गोव्यात जुन्या घरांत आणि चर्चेसमध्ये राहिल्या.

तर मी रजा टाकून गेले. मावशीने जनेलांना हात लावू दिला नव्हता, जुनी चादर टांगून ठेवलेली, जणू घरात कोणी आजारी आहे. गावातल्या मेस्ताला बोलावलं, सुतारकाम करणारे, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी चादर बाजूला केली, बोटाने एक करप चोळून बघितलं, बोटाला पांढरी पूड लागली. म्हणाले, "हीं करपां आतां मेळनांत, बाय. ग्लास घालया." मावशी काहीच बोलली नाही, उठून आत गेली. मी मेस्तांना म्हटलं दोन दिवस थांबा, मी शोधते.

आणि मग मी जे शोधायला लागले त्यात दोन दिवसांचे दोन महिने झाले, आणि मुळात मी ज्याला इतकी वर्षं खिडकीचा तुकडा समजत होते ते एक जिवंत जनावर आहे हे पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

त्याचं शास्त्रीय नाव प्लाक्युना प्लासेंटा. लिनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली त्याला नाव दिलं तेव्हा अनोमिया नावाच्या दुसऱ्या शिंपल्यांच्या गटात टाकलेलं, नंतर ते वेगळं काढून प्लाक्युना केलं. प्लासेंटा म्हणजे लॅटिनमध्ये चपटी पोळी, म्हणजे आपलं धिरडंच म्हणा, आणि बाळंतपणातली वार असते तिचं इंग्रजी नाव पण त्याच शब्दावरून आलंय. इंग्रजीत याला विंडोपेन ऑयस्टर म्हणतात पण हे खरं कालव नाही. कालवं, स्कॅलॉप (पंख्याच्या आकाराचे शिंपले) आणि हे, सगळे लांबच्या-जवळच्या नात्यातले, पण आता शास्त्रज्ञ याला कालवांपेक्षा स्कॅलॉपच्या जास्त जवळचं मानतात. कुटुंब अगदी छोटं, प्लाक्युनिडी, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जाती. त्यातली एक घोड्याच्या खोगिरासारखी वाकडी असते, पण खिडकीला उपयोगी पडणारी सपाट ती हीच.

कालव खडकाला चिकटून बसतं, आपल्याकडे कालवं फोडायला कोयता लागतो ते त्यामुळेच. हे मोठं झाल्यावर कशालाच चिकटत नाही. खाडीच्या मऊ चिखलावर आडवं पडून राहतं. आता मऊ चिखलात जड वस्तू बुडते, हे कोणालाही कळेल, म्हणून याने अंगच असं करून घेतलंय की रुंदी तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी आणि जाडी जवळपास नाहीच. दोन शिंपा एकमेकींना इतक्या लागून की मधे जीव राहतो कुठे असा प्रश्न पडावा. बिजागरीच्या जागी आत उलट्या व्ही सारख्या दोन रेघा असतात, त्यावरून हा शिंपला लगेच ओळखता येतो. मावशीच्या करपांवर त्या रेघा नाहीत कारण कापताना तो भाग काढून टाकत. पाणी गाळून त्यातलं बारीक बारीक खाऊन जगतं, बस. त्याचं पातळपण आणि सपाटपण चिखलावर तरंगून राहायला कामाचं, आणि नेमकं तेच माणसाला खिडकीसाठी हवं होतं.

ॲसिडने काय झालं तेही इथेच कळलं. ही शिंप ९९ टक्के कॅल्साइट असते, म्हणजे चुन्याच्या दगडाच्याच जातीचं, उरलेला एक टक्का सेंद्रिय. चुनखडीवर ॲसिड टाकलं की फेस येतो हे शाळेत सगळ्यांनी केलंय. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, काहीही आंबट याला लागता कामा नये. ज्यांच्या घरी अशी जनेलं आहेत त्यांना हात जोडून सांगते, मऊ फडकं आणि साधं पाणी, एवढंच वापरा. आणि साफ करायला बाहेरचा माणूस येणार असेल तर आधी त्याला समोर उभं करून हे सांगा, त्या बिचाऱ्याचा दोष नसतो, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

अजून एक गोष्ट, जी वाचून मी रात्री अकरा वाजता मावशीला फोन केला. अमेरिकेत एमआयटीमध्ये लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी याच शिंपेवर काम केलंय, २०१४ साली छापून आलं. त्यांना प्रश्न असा होता की इतकं पारदर्शक, जवळपास ८० टक्के उजेड आरपार जाऊ देणारं, आणि तरी इतकं चिवट कसं. नुसतं कॅल्साइट ठिसूळ असतं, टोचलं की तडकतं. या शिंपेला अणकुचीदार टोकाने टोचलं तर नुकसान तेवढ्या जागीच राहतं, तडा पुढे पसरत नाही, कारण आत अतिशय बारीक स्फटिकांचे थर आहेत आणि मार बसला की ते स्फटिक आपली रचनाच त्या ठिकाणी बदलतात आणि मधल्या सेंद्रिय थरांमुळे धक्का तिथेच जिरतो. मावशी म्हणाली, मग आपल्या त्या भोकाचं तेच असणार. मावशीच्या दुसऱ्या जनेलात एका करपाला भोक आहे, काकांनी लग्नानंतर कधीतरी कॅलेंडर टांगायला खिळा ठोकला होता, सासूबाईंनी आरडाओरडा केला म्हणून लगेच काढला. पन्नासेक वर्षं झाली, भोक तेवढंच आहे. काच असती तर त्याच दिवशी गेली असती.

पण करपं मिळेनात ती मिळेनात. जुन्या सामानाच्या दुकानांत फिरले, एकाने अख्खं जनेल दाखवलं, किंमत अशी की मी परत विचारलं नाही. मग ऑनलाइन सापडली, कॅपिझ नावाने, तयार कापलेले तुकडे. फिलिपीन्समध्ये याच शिंपल्याला कापिस म्हणतात, तिथे कापिझ नावाचा प्रांतच आहे, तिथल्या जुन्या घरांना पण अशाच सरकत्या शिंपल्यांच्या खिडक्या असतात आणि नाताळचे कंदील बनवतात याचे. मॉलमध्ये जे मोतिया झुंबर किंवा लॅम्पशेड दिसतात ना, हवेत किणकिण वाजणारे, ते हेच. ऑर्डर द्यायला बसले आणि त्याआधी जरा वाचावं म्हटलं, आणि तिथेही काढून काढून कित्येक खाड्या रिकाम्या झाल्यात हे वाचून लॅपटॉप मिटला. आपल्याकडे तर हा शिंपला २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घातलाय. म्हणजे वाघ-बिबट्या ज्या कायद्यात आहेत त्यातच. खाडीतून काढायचा नाही, विकायचा नाही. खरं सांगते, पहिली प्रतिक्रिया चिडचिडीची होती, की अरे आमची दोन जनेलं तर दुरुस्त करायचीयेत, १९२ तुकडे, त्याने काय खाडी रिकामी होणारे का. पण आधी सगळ्यांनी असाच विचार केला असणार ना. आणि नुसत्या खिडक्या नाहीत, याचे बारीक करडे मोती औषधात घालतात म्हणून काढले, आणि भट्टीत भाजून चुना करायला तर पोत्यांनी काढले. काकीनाड्याची खाडी, कच्छचं आखात, तुतिकोरिन, श्रीलंकेत त्रिंकोमालीजवळचं तांबलकमम, सगळीकडे हे मिळायचे म्हणून ती नावं पुस्तकांत आहेत.

आणि मग मावसभाऊ म्हणाला की अगं चिखलीला आहेत की अजून, मेंड्यो.

चिखली म्हणजे वास्कोजवळ, दाबोळी विमानतळाच्या खालच्या अंगाला, झुआरीच्या काठावर. विमान उतरताना खिडकीतून जी खाडी दिसते तीच. इतक्या वेळा वरून पाहिलीये मी ती. गावाच्या नावातच चिखल आहे आणि खाली उतरल्यावर कळतं का ते, ओहोटीला लांबपर्यंत मऊ करडा चिखल, कडेला खारफुटी, सांकवाळच्या बाजूला सां जासिंतोचं छोटंसं बेट, आणि मालवाहू बार्जेस मधून जातात तो झुआरीचा रुंद पट्टा. नदीच्या मुखाशी पलीकडच्या काठावर दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. गोव्यात हे शिंपले बऱ्यापैकी उरलेत ते याच खाडीत. तिथले लोक त्यांना मेंड्यो म्हणतात, आणि तिसऱ्यो, खुबे, शिणाण्यो हे खायचे बाकीचे शिंपले पण याच खाडीतून येतात, कित्येक घरांची चूल त्यावर चालते.

भावाच्या ओळखीचे एक मासेमारी करणारे अंकल होते, ते आम्हाला पाण्यात घेऊन गेले. चपला काठावर ठेवायच्या, पाय उचलून न टाकता सरकवत चालायचं, नाहीतर रुततो. ते पायानेच चाचपडत होते, बोलत होते आमच्याशी पण लक्ष सगळं तळव्यात. एका जागी थांबले, वाकले, कोपरापर्यंत हात घातला आणि वर काढला तर हातात चिखलाने माखलेली एक थाळी. पाण्यात हलवून धुतली आणि सूर्याकडे धरली. माझ्या तळहाताहून मोठी होती, कडेने पापुद्रे सुटल्यासारखी, आणि मधोमध उजेड आरपार, त्यात जिवाची सावली दिसत होती, गोल, धूसर. बल्कांवातून माणूस जाताना जनेलात दिसायची ना, अगदी तशी सावली, फक्त इथे ती शिंपेच्या आत होती. माझा हात पुढे गेला पण अंकलनी दिली नाही, म्हणाले, आता बघितलीस ना, आणि जशी होती तशी आडवी करून परत चिखलावर ठेवली, वरून हलकेच हात फिरवला, लहान मूल झोपवतात तसं.

मी विचारलं, पूर्वी खायचात का. म्हणाले, खायचो. मग आता. त्यावर ते मरीनाचं बोलायला लागले. इथे आणि पलीकडे नावशीला यॉट उभ्या करायला मरीना बांधायचे प्रस्ताव येत राहिले, त्यासाठी खाडी उपसून खोल करायची, आणि दोन्ही काठांवरचे मच्छीमार त्याविरुद्ध उभे राहिले. मला त्यांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर असं, की चिखल म्हणजे लोकांना घाण वाटते, पण चिखल उपसला तर मेंड्यो जाणार, तिसऱ्यो जाणार, त्यांच्यावर येणारे मासे जाणार. आणि गाळ फार उडाला तरी हे जनावर मरतं, कारण पाणी गाळून खाणाऱ्याच्या तोंडात मातीच जाते, आणि ते कालवासारखं खडकावर उंच बसलेलं नाही, तळाशीच आडवं पडलेलंय, वर थर बसला की गाडलंच गेलं. आमच्या घराच्या दोन खिडक्यांपायी मी तिथे गेले होते आणि हे माणूस अख्ख्या खाडीचा हिशोब डोक्यात घेऊन तिथे उभं होतं. परत येताना गाडीत मी गप्पच होते.

काठावर मेलेले रिकामे शिंपले पडलेले होते बरेच, तुटके, ऊन खाऊन पांढरे झालेले. भाऊ म्हणाला हे तरी घेऊ. मी नाही घेतले. कायदा हे एक कारण होतंच, पण दुसरं म्हणजे तो हात फिरवताना पाहिल्यावर तिथून काही उचलून आणावंसं वाटलं नाही.

मग मार्ग निघाला तो मेस्तांकडूनच. मी चिखलीहून आल्यावर त्यांना सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून आले, हातात दाढी करायचं पातं. ॲसिड लागलेलं एक करप खाचेतून सरकवून काढलं, उन्हात बसले, आणि कडेला पातं लावून वरचा थर सोडवायला लागले. कांद्याचा पापुद्रा सुटतो तसा पांढरा थर सुटला, आणि खाली तीच चकाकी, ओलसर, मोतिया. मावशी बघतच राहिली. शिंप थराथरांचीच असते, ॲसिडने फक्त वरचे खाल्ले होते. सगळी नाही जमली, बरीच सोलताना पातळ होऊन फुटली, काही आरपार खाल्ली गेली होती. तीन दिवस बसले ते, दिवसाला पंधरा-वीस, १९२ मधली ५४ वाचली. पैसे घ्यायला तयार नव्हते, मावशीने जबरदस्तीने दिले.

बाकीची शेजारच्या वाड्यावरून मिळाली. तिथलं एक घर पाच-सहा वर्षांपूर्वी पाडलं, नवीन बांधलं, सगळीकडे ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग. जुनी करपं त्या घरच्या आजीने पोत्यात भरून माळ्यावर टाकलेली, टाकवेनात म्हणून. मावशी स्वतः गेली मागायला, मी गेले असते तर दिली नसती बहुतेक. पोत्यात शंभरेक निघाली, त्यातली ८० धडकी, बाकीची तुकडे. काही आमच्या मापाची नव्हती, जास्त रुंद, ती मेस्तांनी जुन्या कात्रीने कापली, पत्रा कापायची असते ना ती, आणि कडा दगडावर घासल्या.

५४ आणि ८० म्हणजे १३४. पूर्वेकडचं जनेल पुरं झालं. पश्चिमेकडच्यात वरच्या ३८ जागा भरल्या, खालच्या अर्ध्याहून जास्त भागाला साधी घासलेली काच लावली, मेस्तांनी ती पण पट्टीच्या खाचेतच बसवली, खिळा नाही मारला, म्हणाले उद्या कुठून मिळाली तर काच सरकवून काढता येईल. दुपारी तीनला त्या खोलीत बसलं की फरक लगेच कळतो, खालून येणारा उजेड नुसता पांढरा असतो आणि वरून येतो तो दुधाळ.

काकांच्या खिळ्याचं भोक असलेलं करप वाचलेल्या ५४ मध्ये निघालं. मेस्तांनी ते बाजूला ठेवलेलं, खराब म्हणून, मावशीने उचलून परत त्यांच्या हातात दिलं. आता ते पश्चिमेच्या जनेलात वरून दुसऱ्या ओळीत आहे. चारच्या सुमारास त्यातून उन्हाचा एक ठिपका येतो, आधी पलंगाच्या पायाशी, मग सरकत सरकत मावशीच्या खुर्चीपर्यंत.